'सकाळी बघू' म्हणू नका

रात्रीचे जेवण आटोपले आहे. घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीवर दडपण येते, दरदरून घाम सुटतो. आपण म्हणतो, "वात धरला असेल. ओवा खा नि पडून राहा, सकाळी बघू." हे 'सकाळी बघू' फार महागात पडते बरे का!

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली म्हणजे झटका येतो. पाटाचे पाणी तुटले की पुढचे वाफे सुकतात, तसा पुढचा स्नायू घटकेघटकेने मरत जातो. मेलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

'आयसिस-२' या १७ हजारांवर रोग्यांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. साध्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ पाव हिश्शाने घटले. जोडीला गुठळी विरघळवणारे औषध दिले तेव्हा आणखी घटले. आज अँजिओप्लास्टीने रोहिणी उघडताही येते. पण हे सारे वेळेवर पोहोचणाऱ्यासाठी!

"वय लहान, याला कसला झटका?" असेही म्हणू नका. ५२ देशांतल्या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी आल्याचे दिसले. मधुमेह्यांना आणि स्त्रियांना तर कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, किंवा जबडा, पाठ, हात दुखतो.

तेव्हा रोग्याला चालवू नका, १०८ क्रमांक फिरवा. गोळी द्यावी की नाही, ते डॉक्टरांना विचारा. शेवटी पित्तच निघाले, तर हसत घरी या. त्यात कमीपणा कसला?