ड्रायव्हिंग स्कूलची पारख

(पलूस येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक शाळेत भेटायला येतात. डॉक्टर, इंजिनिअर होण्याच्या वाटा सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु "सर, पोराला ट्रकवर घालायचं म्हणतोय, कुठली ड्रायव्हिंग स्कूल बरी?" असे विचारणाऱ्या बापाला नीट उत्तर कोणी देत नाही. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. ट्रक चालवणे हा हलका धंदा नाही. आपल्या तालुक्याकडेच पाहा. कुंडलच्या कारखान्याची साखर, भिलवडीचे दूध, किर्लोस्करवाडीचे पंप, पलूस-तासगावची द्राक्षे आणि बेदाणा हे सारे कोणीतरी गाडीत भरून मोठ्या बाजारपेठेत सुखरूप नेते, म्हणूनच त्याचे पैसे होतात. हे काम कसबाचे आहे. कसब म्हटले की ते शिकावे लागते, आणि शिकायचे म्हणजे गुरू पारखून घ्यावा लागतो.

काहीजण म्हणतील, शाळा कशाला? पोरगा उसाचा ट्रॅक्टर चालवतोच की! मित्रहो, ट्रॅक्टर येतो म्हणजे ट्रक येतो असे नाही. एअर ब्रेकमध्ये हवेचा दाब किती हवा, भरलेली गाडी उतारावर कोणत्या गिअरमध्ये उतरवायची, लांब गाडीचे मागचे चाक वळणावर किती आत येते, हे शिकवावेच लागते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. शाळा टाळून जाण्याची वाटच नाही.

आता वयाची बाब. येथे पालकांची मोठी फसगत होते. मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याला मोटारीचे, म्हणजे हलक्या वाहनाचे लायसन्स मिळू शकते. मालवाहू गाडी चालवण्यासाठी मात्र वय २० पूर्ण लागते. तसेच ट्रकचे शिकाऊ लायसन्स मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते. तेव्हा बारावी झालेल्या १८ वर्षांच्या मुलाला "महिन्याभरात हेवी लायसन्स काढून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्या दुकानाची पायरी लगेच उतरावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नियमाबाहेर लायसन्स मिळवून देऊ असे भासवून शिकणाऱ्याची दिशाभूल करण्यास ड्रायव्हिंग स्कूलला मनाई आहे.

१८ वर्षांखालील मुलांच्या पालकांनी तर फारच जपावे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. एका हंगामाच्या हौसेपायी मुलाची पुढची उमेद बुडते.

याच २०१९ साली मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी असलेली आठवी पासची अट काढण्यात आली. म्हणून शिक्षण सोडावे असे कोणी समजू नये. बिल्टी वाचणे, मालाची कागदपत्रे तपासणे, परक्या राज्यातील पाट्या समजणे, चेक पोस्टवर चार शब्द नीट बोलणे, यासाठी शिक्षण लागतेच. निदान दहावी पूर्ण करा.

आता शाळा कशी पारखावी ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, परवाना पाहा. परवान्याची मूळ प्रत आणि शिक्षकांची नावे ऑफिसात दिसतील अशी लावणे नियमाने बंधनकारक आहे. परवाना पाच वर्षांचा असतो, म्हणून त्यावरील तारीख वाचा. तो हेवी वाहन शिकवण्यासाठी आहे की केवळ मोटारीसाठी, हेही पाहा.

दुसरी गोष्ट, गाडी पाहा. जे वाहन शिकवायचे तशी किमान एक गाडी शाळेच्या मालकीची असावी लागते, आणि शिक्षकाच्या बाजूलाही नियंत्रण असावे लागते. "ट्रक बाहेर गेलाय" असे तीन वेळा ऐकलेत तर ट्रक नाहीच असे समजा.

तिसरी गोष्ट, शिक्षकाची चौकशी करा. शिक्षक किमान दहावी पास, पाच वर्षे गाडी चालवलेला आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र असलेला हवा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तास मोजा. ट्रकसारख्या वाहनासाठी प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १५ तासांचे असले पाहिजे. म्हणजे रोज अर्धा तास स्टिअरिंग तुमच्या मुलाच्या हातात हवे. केबिनमध्ये चार मुले बसवून तासभर गाडी फिरवली, तर प्रत्येकाला पाव तास मिळतो आणि ३० दिवसांत साडेसातच तास भरतात. शेजारी बसून पाहणे म्हणजे चालवणे नव्हे. चालवलेल्या तासांची नोंदवही शाळेने ठेवायची असते. मुलानेही स्वतःच्या वहीत रोजची तारीख व मिनिटे लिहावीत.

फीची तुलनाही तासांवरच करावी. समजा, एक शाळा १२,००० रुपये घेते आणि १५ तास चालवायला देते. तासाला ८०० रुपये पडले. दुसरी ८,००० रुपये घेते आणि पाचच तास देते. तिथे तासाला १,६०० रुपये पडले. दिसायला स्वस्त ती शाळा दुप्पट महाग निघाली! आणि न मिळालेले दहा तास मुलगा पुढे भरल्या गाडीनिशी, लोकांच्या जिवावर शिकणार.

पैसे भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्या. मालवाहू गाडीसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो का हेही पाहिले जाते. फी भरल्यावर दोष कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

फीमध्ये काय काय आले ते लिहून घ्या. डिझेल, चाचणीच्या दिवशीची गाडी, डॉक्टरांचा दाखला, आर.टी.ओ.ची फी यांतले काय आत, काय बाहेर? सरकारी फी फार मोठी नसते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने शिकाऊ लायसन्सला १५०, चाचणीला ३०० आणि लायसन्सला २०० रुपये असे दर ठरवले. त्या नावाखाली कोणी हजारोंची रक्कम मागितली, तर सरकारी पावती दाखवा म्हणावे. फी तीन हप्त्यांत द्या. पहिला प्रवेशाच्या वेळी, दुसरा निम्मे तास भरल्यावर आणि तिसरा प्रमाणपत्र हातात पडताना. प्रत्येक वेळी पावती घ्या. शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोणताही मूळ कागद तारण म्हणून ठेवू नका.

ज्यांना जमेल त्यांनी मोठ्या केंद्राचाही विचार करावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यता मिळालेल्या चालक प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तेथे उत्तीर्ण होणाऱ्याला आर.टी.ओ.च्या चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळते. मात्र परगावी राहण्या-जेवण्याचा खर्च फीमध्ये मिळवून मगच हिशेब करावा.

आता पैसा आणायचा कोठून? काही ठिकाणी गाडीमालक फी भरतो आणि मुलाला कामाला बांधून घेतो. उचल म्हणजे काय, हे ऊसतोडणीच्या मुलखात मी सांगायला नको. मालकाकडून पैसे घ्यायचेच तर रक्कम किती, दरमहा कपात किती आणि किती महिन्यांत फिटणार, हे कागदावर घ्या. कर्जापायी माणसाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

माझ्या मते उत्तम मार्ग टप्प्याटप्प्याचा आहे. १८ व्या वर्षी हलक्या वाहनाचे शिक्षण घ्यावे. त्याची फी घरच्या भिशीतूनही निघू शकते. दोन वर्षे आय.टी.आय.मध्ये किंवा गॅरेजात इंजिनाची ओळख करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला आहे की, हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची लहान मालगाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तेव्हा २० पूर्ण झाल्यावर वर्षभर टेम्पो चालवावा आणि त्या पगारातून ट्रकच्या शाळेची फी मुलाने स्वतः भरावी. स्वतःच्या घामाचे पैसे भरणारा मुलगा एक तासही बुडवत नाही, आणि आईच्या कानातले मोडावे लागत नाही.

तरीही कमी पडणाऱ्यांसाठी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे. कॉलेजच्या फीसाठी आपण मदत करतो, तशीच या शिक्षणासाठीही कर्ज-ए-हसना म्हणून बिनव्याजी रक्कम द्यावी. ती मुलाच्या हाती न देता वर सांगितलेल्या तीन हप्त्यांत, तासांची वही पाहून, शाळेला द्यावी. मुलगा कमावू लागला की त्याने ती परत करावी. म्हणजे त्याच पैशातून पुढचा मुलगा शिकेल.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला सांगतो. लायसन्स विकत मिळाले तरी हात विकत मिळत नाही. अपघात झाला आणि लायसन्स खोटे निघाले, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. असा ड्रायव्हर पुन्हा कोणी गाडीवर ठेवत नाही. आणि गेलेला जीव तर कोणत्याच रकमेने परत येत नाही. म्हणून पंधरा तास पूर्ण मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाचे तुमच्यावर असलेले ते देणे आहे.