अनियमित रक्तस्राव अंगावर काढू नये
पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे आणि ती जाण्यापूर्वीचा काळ यांत ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते. एरवी साधारणतः २४ ते ३८ दिवसांनी पाळी येते व ८ दिवसांच्या आत स्राव थांबतो. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा समागमानंतर रक्त जाणे, स्राव लांबणे, त्यापायी थकवा येऊन धाप लागणे, ही तपासणीची कारणे होत. गर्भाशयातील गाठी, थायरॉईडचे विकार, क्वचित कर्करोगही त्यामागे असू शकतो. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागही वयावर ढकलू नये; वेळीच निदान झाल्यास गर्भाशयाचा कर्करोग बहुधा बरा होतो. तासातासाला पॅड वा घडी भिजू लागल्यास, अथवा गरोदरपणी रक्त गेल्यास, तत्काळ रुग्णालय गाठावे. संकोचापेक्षा प्राण मोलाचा आहे.