टिळकांची भजने ठेवली, दरबार सोडला



ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने आपल्याला तोंडपाठ आहेत. पण ज्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, ते टिळक आज आपल्या चर्चच्या पंचकमिटीला चालतील का? मला वाटते, चालणार नाहीत. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले. आपण भजने ठेवली आणि दरबार सोडून दिला.

आज एखादा तरुण उपासनेला येतो. आपण काय शोधतो आहोत, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नसते. आपण त्याला आधी आडनाव विचारतो. आडनावावरून काय ताडायचे असते, हे या संमेलनाच्या मांडवात कोणाला ठाऊक नाही? नगर जिल्ह्यात आपल्या पणजोबांनी ज्या विटाळाला कंटाळून ख्रिस्ताचा हात धरला, तोच विटाळ आपण चर्चच्या दारात नेऊन ठेवतो. मला याची चीड येते. मग लगेच पुढचा प्रश्न : बाप्तिस्मा कधी घेणार? तो यायचा थांबतो, आणि आपण म्हणतो, त्याचा विश्वासच कच्चा होता.

टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात, रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. त्याने कोणत्याही रजिस्टरात टिळकांचे नाव लिहिले नाही. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर आणखी पाच वर्षे लागली. सोवळेओवळे मनातून कसे हळूहळू सुटत गेले, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे, आपल्या पाळकांनी ते पुन्हा वाचावे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतरही त्या त्रैक्यावर प्रश्न विचारत राहिल्या, आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला त्यांनीच त्यांना अहंकारी ठरवले. त्या मागे हटल्या नाहीत. पुढे याच बाईंनी मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणले. प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढणारी मंडळी कोणाला गमावते, ते यावरून ओळखा.

काही जण म्हणतील, अध्यक्षमहाराज, दिवस वाईट आहेत, धर्मांतराचा आळ येतो, दार जपून उघडावे. मी म्हणतो, आळ येतो तो बाप्तिस्म्यांचे आकडे मिरवल्यामुळे. आलेल्या माणसाला काही न विचारता बाकावर जागा द्यावी, हातात भजनाचे पुस्तक द्यावे, उपासनेनंतर चहा द्यावा. त्याने प्रश्न विचारला तर पाळकाने उत्तर द्यावे, येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणावे. यात लपवण्यासारखे काय आहे?

आणि आपण लिहिणारी माणसे! ‘ज्ञानोदय’ हे आपले नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले तेव्हा ते सगळ्या मराठी वाचकांशी वाद घालायला निघाले होते. आज आपण एकमेकांसाठी लिहितो, आणि तेही उपदेशाच्या अशा भाषेत की बाहेरच्याला दोन ओळींत कंटाळा यावा. ख्रिस्तावर मनापासून लिहिणारे कवी चर्चबाहेरही आहेत. त्यांना पुढच्या संमेलनाच्या व्यासपीठावर बोलवावे, बाप्तिस्म्याचा दाखला मागू नये, असा ठराव मी इथेच मांडतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मागे कुजबुजू नये. माईक मोकळा आहे, पुढे येऊन बोलावे.