पहिला अस्थिभंग : एक इशारा



घरातील आजी न्हाणीघरात घसरते, मनगटाचे हाड मोडते, प्लास्टर घातले जाते. यथावकाश प्लास्टर निघते आणि प्रकरण मिटले असे सारे समजतात. वस्तुतः उभ्या-उभ्या पडून हाड मोडणे हा केवळ अपघात नव्हे. आतून विरळ झालेल्या हाडाने दिलेला तो इशारा होय. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढचा अस्थिभंग मणक्याचा वा खुब्याचा असू शकतो. खुबा मोडल्यावर कित्येक वृद्धांना पूर्वीसारखे चालणे पुन्हा साधत नाही.

अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. म्हणूनच तिचा शोध घेण्याचे कार्य कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे येते. पूर्वी हाड मोडले होते काय, आई-वडिलांचा खुबा मोडला होता काय, पाळी लवकर गेली काय, दम्यासाठी वा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या काय, हे प्रश्न पाच मिनिटांत विचारता येतात. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल, तर मणका दबल्याची शंका घेऊन क्ष-किरण चित्र काढावे. 2008 साली उपलब्ध झालेल्या ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतीने पुढील 10 वर्षांतील अस्थिभंगाचा धोका अजमावता येतो. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असल्यास निदान होते.

औषधापूर्वी रक्तातील कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासणे हितावह. ‘ड’च्या अभावाने हाडे मऊ होण्याचा विकार निराळा असून त्याचे उपचारही निराळे असतात.

दूध, दही, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते. शाकाहारात ‘ड’ जीवनसत्त्व मात्र अत्यल्प, म्हणून ऊन आणि गरजेनुसार औषध हवे. जिलेटिनचे वेष्टन वर्ज्य असणाऱ्यांनी गोळी वा भुकटी मागावी.

आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही न खाता ताठ बसावे वा चालावे लागते. अन्यथा अन्ननलिकेस इजा संभवते. नवकारशी पाळणाऱ्यांनी ती वेळ झाल्यावर गोळी घ्यावी. चौविहार उपवासाच्या दिवशी ती घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी आणि पुढे नेहमीच्या वारावर यावे. तपश्चर्या दीर्घ असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी औषधाची निवड वेगळी असते. साधारणतः पाच वर्षांनी औषधाचा फेरविचार करतात. सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मात्र परस्पर बंद करू नये. तसे केल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो.

याशिवाय न्हाणीघरात हाताला आधार, रात्री मंद दिवा, चष्म्याची तपासणी आणि रोजचे चालणे हेही उपचारच होत.

आज घरी परतल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे : पन्नाशीनंतर साध्या पडण्याने ज्यांचे हाड मोडले, त्या माता-पित्यांना या महिन्यातच डॉक्टरांकडे न्यावे. पहिला इशारा ऐकला, तर दुसरा आघात टाळण्याची संधी आपल्या हाती राहते.

जय जिनेंद्र!