घंटी वाजते, पण उचलतो कोण?

कार्यालयात दूरध्वनी आहे, त्याचे बिल वेळेवर भरले जाते आणि पत्राच्या माथ्यावर त्याचा क्रमांकही छापलेला आहे, एवढ्याने त्या कार्यालयाशी बोलता येतेच असे नाही. पलीकडून कोणी क्रमांक लावला, की घंटी कोठे वाजावी, किती वेळ वाजावी आणि ती कोणी घेतली नाही तर पुढे काय व्हावे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या कार्यालयातील यंत्रात पूर्वीच भरून ठेवलेली असतात. ती कोणी भरली आणि केव्हा भरली, हे बहुधा कोणासच आठवत नाही. या विस्मृत उत्तरांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

आरंभीच्या काळी ही उत्तरे यंत्रात नव्हती. ती माणसापाशी होती. १८७८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी एमा नट ही तरुणी दूरध्वनीच्या फळ्यावर बसू लागली. या कामावर नेमलेली ती पहिली स्त्री होय. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत एक्स्चेंजे सुरू झाली, तीही माणसांच्याच हातांनी चालत. पुढे १८९१ मध्ये आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचे सामान पुरविणाऱ्या व्यावसायिकाने आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात, असा त्यास संशय होता, अशी कथा सांगतात. संशय खरा असो वा खोटा, ऑपरेटर गेला आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट गेली. साहेब जागेवर नाहीत, परंतु शेजारच्या खोलीत आहेत, हे ऑपरेटरला ठाऊक असे. यंत्राला एवढेच ठाऊक असते, जेवढे आपण त्याला सांगितलेले असते.

कार्यालयातील हे यंत्र म्हणजे ईपीएबीएक्स. भिंतीवर बसविलेली ती पांढुरकी पेटी पुष्कळांनी पाहिली असेल. बाहेरून दोन-चार लाइनी तिच्यात येतात आणि आत दहा-वीस एक्स्टेन्शने निघतात. शाळा, पतपेढ्या, दवाखाने, लहान कारखाने यांतून या जुन्या पेट्या अजूनही निमूटपणे काम करीत आहेत. त्या टाकून द्याव्यात असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या पोटात काय लिहिले आहे, ते एकदा वाचावे.

पहिली गोष्ट घंटीच्या स्थानाची. बाहेरची लाइन कोणत्या एक्स्टेन्शनवर उतरावी, हे दिवसासाठी वेगळे आणि रात्रीसाठी वेगळे ठरविता येते. एका शाळेत कारकुनांचे टेबल खालच्या मजल्यावरून वर हलविले गेले. टेबल हलले, माणूस हलला. यंत्रातील नोंद तेवढी जागच्या जागी राहिली. पावसाने नदीला पूर आल्यामुळे शाळा लवकर सोडण्याचा निर्णय झाला, त्या दुपारी खेड्यापाड्यांतील पालक फोन करीत होते आणि कुलूप लावलेल्या रिकाम्या खोलीत घंटी वाजत होती. वर बसलेले कारकून म्हणत, ‘आज कोणाचा फोन कसा नाही?’ पालक म्हणत, ‘शाळेत कोणी फोन उचलीत नाही.’ दोघेही खरे बोलत होते. मुले सुखरूप घरी पोहोचली. पण अनेक आयांच्या जिवाला त्या दोन तासांत घोर लागून राहिला.

दुसरी गोष्ट वेळेची. फोन न घेतल्यास तो दुसरीकडे वळावा, अशी सोय बहुतेक यंत्रांत असते. त्यासाठी किती वेळ थांबावे, हे कोठे सेकंदांत तर कोठे घंट्यांच्या संख्येत भरतात. येथे एक गफलत संभवते. आपल्या देशात एक्स्चेंजची घंटी जोडीने वाजते: दोन लहान आघात, मग दोन सेकंदांची विश्रांती, अशी एक फेरी तीन सेकंदांत पुरी होते. अमेरिकेत दोन सेकंद घंटी आणि चार सेकंद शांतता, म्हणजे फेरी सहा सेकंदांची. परदेशी पुस्तिकेतील ‘चार घंट्या’ म्हणजे चोवीस सेकंद असतील, तर आपल्याकडे त्या बाराच सेकंदांत संपतात. वयस्कर शिपाई खुर्चीतून उठून फोनपाशी पोहोचेपर्यंत फोन पुढे निघून गेलेला असतो! शिवाय फोन करणाऱ्यास ऐकू येणारी घंटी आणि आपल्या टेबलावरील घंटी या दोन निराळ्या असतात. त्यांची गणती जुळेलच असे नाही. म्हणून शक्य तेथे हिशेब सेकंदांचाच ठेवावा.

या हिशेबाला वरूनही एक मर्यादा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१९ च्या नोव्हेंबरात नियम केला, की न घेतलेल्या फोनची घंटी मोबाइलवर तीस सेकंद व लँडलाइनवर साठ सेकंद वाजावी. आता पाहा: कारकुनाकडे वीस सेकंद, मग ग्रंथालयात वीस सेकंद, मग मुख्याध्यापकांकडे वीस सेकंद अशी साखळी आपण बांधली, तर मुख्याध्यापक हात पुढे करतात न करतात तोच फोन तुटतो. प्रत्येक ठिकाणी बारा ते पंधरा सेकंद ठेवून ठिकाणे तीनच ठेवावीत, हे बरे.

तिसरी गोष्ट, फोन अखेरीस कोठे जावा ही. सुटीच्या दिवशी तो एखाद्याच्या मोबाइलवर वळवावा, असे अनेकांस वाटते. परंतु १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. यंत्रात पूर्वी भरलेला दहा आकडी क्रमांक त्यामुळे निरुपयोगी ठरतो. बाहेरची लाइन मिळविण्याचा आकडा, मग शून्य, मग क्रमांक, असा क्रम हवा. आणि बाहेरगावचे फोन रोखण्यासाठी कोणी पूर्वी शून्यावर कुलूप लावले असेल, तर तेही त्या लाइनीपुरते काढावे लागते. दुसरे असे, की बाहेरून आलेला फोन बाहेरच वळविला म्हणजे दोन लाइनी अडकतात. दोनच लाइनी असलेले कार्यालय तेवढ्या वेळापुरते मुके होते. जुन्या यंत्राला संभाषण संपल्याचे पुष्कळदा कळत नाही; म्हणून अशा जोडणीला काही मिनिटांची कालमर्यादा घालून ठेवावी.

काही ठिकाणी यंत्र स्वतःच फोन घेते आणि मुद्रित आवाजात ‘अमुकसाठी एक दाबा’ असे सांगते. सोय चांगली आहे. पण ज्यास आकडे दाबणे जमत नाही, त्याने काहीच दाबले नाही तर फोन माणसाकडे यावा, अशी व्यवस्था केल्यावाचून ती सुरू करू नये. तो आवाजही ऐकणाऱ्याच्या भाषेत असावा. सीमाभागात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत चार-चार शब्द बोलले तर कोणाचेच काही बिघडत नाही.

आता बदल करावा कसा? बहुतेक यंत्रांत ठरावीक एक्स्टेन्शनवरूनच हे काम होते. संकेतांक लावावा लागतो आणि नोंद स्वीकारली गेल्याची खूण एका विशिष्ट सुराने मिळते. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे; म्हणून पुस्तिका शोधावी, न मिळाल्यास देखभाल करणाऱ्या मेकॅनिकास बोलवावे. बदलण्यापूर्वी जुनी नोंद वहीत उतरवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर बाहेरून, मोबाइलवरून, घड्याळ हाती धरून फोन करून पाहावा. मूळचा संकेतांक पुस्तिकेत छापलेला, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असतो. तो बदलावा, नाहीतर कोणी परका आपल्या लाइनीवरून परदेशाशी बोलेल. आणि वीज दीर्घकाळ गेल्यानंतर यंत्रातील घड्याळ जरूर तपासावे. ते चुकले, की भर दुपारी रात्रीची व्यवस्था सुरू होते.

एवढे सर्व मेकॅनिक करून देऊ शकेल. मात्र फोन कोणी घ्यावा, हे तो ठरवू शकत नाही. सायंकाळी सहानंतर कोण जबाबदार, सुटीत कोण, परीक्षेच्या दिवसांत कोण, हे कार्यालयातील मंडळींनी एकत्र बसून ठरवावे, त्या तक्त्याची एक प्रत पेटीच्या झाकणाआड चिकटवावी आणि दर जूनमध्ये, वेळापत्रक बदलताना, तोही बदलावा. फोन करणारा मनुष्य यंत्राशी बोलू इच्छीत नाही. आपली हाक कोणी तरी ऐकत आहे, एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि ती पुरी करण्यास फार तर एक दुपार लागते.