रानवांग्याचं मूळ

(बाळकुम येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



ही फांदी हातोहात मागे द्या, पण जपून, काटे आहेत. पांढरी फुलं, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोस, काही पिकून पिवळी पडलेली. हे रानवांगं. या नावाची दोन-तीन झुडपं आहेत. जांभळ्या फुलांची डोरली वेगळी. याचं शास्त्रीय नाव सोलॅनम टॉर्व्हम. मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, आता आपल्याकडे पडीक जागेत माणसापेक्षा उंच वाढतं. आपण खात नाही, पण तमिळ शेजाऱ्यांना विचारा. ते सुंडक्काई म्हणून वाळवून तळतात.

आमच्या पाड्यावरच्या कातकरी बहिणींना मात्र फळापेक्षा मुळाची गरज आहे. भात कापल्यावर त्या ओढ्याकाठी वांगी लावतात. ऐन फळ धरताना हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. हा मर रोग. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं की धुरासारखा पांढरा स्राव उतरतो, ते जिवाणू. मातीत ते वर्षानुवर्षं राहतात, फवारणीनं जात नाहीत. वांगी गेली की उरते वीटभट्टीची उचल. तुमच्या कशेळी पुलापलीकडे, भिवंडी तालुक्यातल्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर अशीच कुटुंबं मुलांसकट येतात. मुलांची शाळा तिथेच सुटते.

रानवांग्याचं मूळ या रोगाला सहसा दाद देत नाही, आणि त्यावर आपल्या वांग्याचं कलम होतं. त्याचं बी उगवायला फार वेळ घेतं, म्हणून ते आधी पेरायचं. दोन्ही रोपं कोवळी असताना तिरकी कापून जोडायची, चिमटा लावायचा, आठवडाभर सावलीत दमट हवेत झाकून ठेवायची.

गेल्या वर्षी सवयीनं आम्ही रोपं खोल लावली. जोड मातीत गेला, वरच्या वांग्यानं स्वतःची मुळं सोडली आणि मर परत आली. शिकवायला गेलेले शहाणे आम्हीच! यंदा एका ताईनं प्रत्येक जोडावर लाल दोरा बांधलाय. दोरा मातीवर दिसलाच पाहिजे, एवढाच तिचा नियम.

आता सावलीची जाळी आणि चिमटे हवेत. मदत देणाऱ्यांसाठी दाराशी वही ठेवली आहे. आणि ती फांदी शेवटच्या बाकावरून परत पाठवा, पिकल्या फळांचं बी काढायचंय.