निवटीला चिखल हवा



आज निवटीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, गुरुजी, निवटी आम्ही लहानपणापासून बघतो. तिच्याविषयी काय सांगणार? आम्हांलाही तसेच वाटत होते.

आम्ही शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. मुलांनी कर्लीच्या खाडीतून चार निवट्या आणल्या. काचेच्या बरणीत ठेवल्या. बरणीत खाडीचे पाणी थोडेच होते. आम्ही मुलांवर रागावलो. मासा म्हटला की पाणी भरपूर हवे! विहिरीचे पाणी घालून बरणी काठोकाठ भरविली. वर झाकण घट्ट लावविले. सकाळी तीन निवट्या मेलेल्या. मुले काही बोलली नाहीत. त्यांची तोंडे आम्हांला अजून दिसतात.

शाळेवरून एक म्हातारी मासे विकायला जाई. ती म्हणाली, "गुरुजीनू, निवट्येक चिखल व्हयो. पाणी भरून काय गावला?"

पुढे आम्ही पुस्तके पाहिली. म्हातारीचेच खरे. निवटी कल्ल्यांनी श्वास घेते, तशी ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या भागातूनही हवा घेते. म्हणून ओहोटीला ती चिखलावर फिरते. पुढचे पर टेकून चालते, शेपटी आपटून उडी मारते. कातडी सुकली की मात्र संपली.

तिचे बीळ पाहा. बिळातल्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा. मग अंडी जगतात कशी? काही जातींत नर वरून तोंडात हवा भरतो, बिळात नेतो आणि सोडतो. पुन्हा वर येतो, पुन्हा नेतो. अंडी त्या साठविलेल्या हवेत राहतात. बापाचे काम सोपे नाही, बरे का!

बंगालच्या सुंदरबनात दुसरा एक मासा आहे. पानावर बसलेला किडा तो तोंडाने पाण्याची पिचकारी मारून पाडतो. त्यालाही काठोकाठ भरलेली पेटी चालत नाही. पिचकारीला वर जागा हवी.

पुढच्या वर्षी आम्ही रुंद काचेची पेटी घेतली. एका बाजूला चिखलाचा उतार केला, दुसऱ्या बाजूला चार बोटे खाडीचे पाणी. वर जाळीचे झाकण, कारण निवटी काचेवरही चढते. खायला किडे, गांडुळाचे तुकडे. थोडे थोडे पाणी बदलत राहिलो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी आटते, पण मीठ मागे राहते. शिरोड्याच्या मिठागराचे तत्त्व तेच. (१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडे.) म्हणून आटलेल्या पाण्याची भर विहिरीच्या पाण्याने करायची. खाडीचे घातले तर खारटपणा वाढत जातो. ज्या विहिरीच्या पाण्याने आम्ही तीन निवट्या घालविल्या, तेच पाणी आता वाटीवाटीने कामी आले.

दोन निवट्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत राहिल्या. मग मुलांनीच त्या तिवरांच्या मुळांशी नेऊन सोडल्या. आम्हीही गेलो होतो. धोतर चिखलाने भरले.